सुताचा हिशेब

१८७७ च्या जानेवारीत दिल्लीत मोठा दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीने 'कैसर-ए-हिंद' ही पदवी धारण केल्याची घोषणा त्यात व्हायची होती. संस्थानिक जडजवाहिर लेवून आले होते. त्या गर्दीत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले 'सार्वजनिक काका', हजर होते. त्यांच्या अंगावर हातसुताची जाडीभरडी खादी होती. स्वदेशीची प्रतिज्ञा त्यांनी १८७२ मध्येच घेतली होती. दरबाराच्या वेळी गांधीजी सात वर्षांचे होते. खादी ही गांधीजींपासून सुरू झाली असे समजणाऱ्या आपल्या परप्रांतीय मित्रांना ही हकीगत अवश्य सांगावी. मीही गेली अनेक वर्षे महाराष्ट्राबाहेर राहत असल्याने ती आवर्जून सांगतो.

पण या लेखाचा हेतू अभिमान मिरवणे हा नाही. काकांच्या त्या पोशाखातून एक प्रश्न मात्र उभा राहतो. हाताने केलेली वस्तू अंगावर घालणे हे निषेधाचे साधन होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. तो निषेध वापरणाऱ्याचा होता. वस्तू बनविणाऱ्याचे त्यात काय? पुढे जेव्हा काही लाख स्त्रिया मजुरीसाठी सूत कातू लागल्या, तेव्हा हाच प्रश्न चळवळीपुढे आला आणि स्वातंत्र्यानंतर तो सरकारपुढेही आला.

नोकरीच्या काळात काही वर्षे खादी संस्थांच्या अनुदानाच्या नस्त्या माझ्या टेबलावरून जात असत. त्यांत उत्पादन, विक्री, सूट, थकबाकी असे रकाने होते. सूत कातणाऱ्या बाईला दिवसाकाठी किती मिळाले, हे शोधण्यासाठी मात्र जोडपत्रे उलटावी लागत. हा दोष कोणा एका कार्यालयाचा नव्हे, तो रकाने आखण्याच्या पद्धतीचा होता. म्हणून मी खादीचा इतिहास त्या एका रकान्याच्या दृष्टीने पुन्हा वाचू लागलो. जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रारंभीची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये गांधीजींनी चरख्याचा पुरस्कार केला, पण तोपर्यंत त्यांनी चरखा पाहिल्याचे त्यांना आठवत नव्हते. हे त्यांनीच आत्मकथेत नमूद केले आहे. अहमदाबादच्या आश्रमात आधी माग आले आणि त्यांवर गिरणीचे सूत विणले जाऊ लागले. हातसूत हवे तर चरखा हवा, आणि तो कोठे मिळेना. १९१७ मध्ये भडोचला भेटलेल्या गंगाबेन मजमुदार यांनी शोध घेऊन बडोदे संस्थानातील विजापूर येथे माळ्यावर पडलेले चरखे शोधून काढले. कातणाऱ्या स्त्रिया तयार होत्या, त्यांना पेळू हवे होते. ते काही दिवस मुंबईच्या गिरणीतून आणले. मग तेही गांधीजींना रुचेना, तेव्हा पिंजारी शोधला. त्याने महिना ३५ रुपये मागितले आणि ते देण्यात आले. अशा रीतीने तयार झालेल्या पहिल्या खादीची किंमत पडली वाराला १७ आणे.

हा आकडा महत्त्वाचा आहे. बाजारात गिरणीचे कापड स्वस्त असताना १७ आण्यांची खादी घेण्यामागे आर्थिक शहाणपण नव्हते. ग्राहकाने जाणूनबुजून जास्त द्यायचे, आणि ते 'जास्त' खेड्यातल्या हातांपर्यंत पोहोचवायचे, असा तो करार होता. करार म्हटला की कोण काय देणार आणि कोणाला काय मिळणार, हे लिहावे लागते. तेथेच खरी अडचण सुरू झाली.

पहिला प्रयत्न सक्तीचा झाला. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन झाले. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. चार आण्यांच्या वर्गणीऐवजी सभासदाने दरमहा २००० वार सूत द्यावे, असा नियम तेथे मंजूर झाला. प्रत्येक सभासद रोज थोडा वेळ हाताने काम करील आणि शिकलेल्या माणसाचे व खेड्यातल्या बाईचे नाते जुळेल, ही त्यामागची कल्पना. परंतु नियमातच एक पळवाट होती. आजारपण, अनिच्छा वा तशाच कारणाने स्वतः न कातल्यास दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालणार होते. नियम लिहिण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना पुढे काय झाले असेल हे सांगायला नको. 'अनिच्छा' हा शब्द नियमात आला की नियम संपला. पुष्कळांनी सूत विकत घेऊन भरले. महाराष्ट्रातील टिळक-परंपरेच्या अनेक पुढाऱ्यांना ही सक्ती मुळातच पसंत नव्हती. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत पैसे किंवा सूत असा पर्याय पुन्हा देण्यात आला, आणि खादीचे काम पाहण्यासाठी अखिल भारतीय चरखा संघ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूर यांनी चरख्यावर उघड टीका केली. सर्वांनी एकाच यंत्रावर एकच हालचाल करीत राहावे यात मनाची वाढ खुंटते, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. गांधीजींनी उत्तर दिले की सर्वांनी दिवसभर कातावे असे माझे म्हणणे नाही. ज्यांना वर्षाचे कित्येक महिने काम नाही त्यांच्यासाठी हा पूरक धंदा आहे. मला हा वाद अनिर्णित वाटतो. पण गांधीजींचे उत्तर मान्य केले तर लगेच पुढचा प्रश्न येतोच. पूरक धंदा म्हणजे मजुरी किती?

या प्रश्नाला चरखा संघाने दहा वर्षे बगल दिली असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. खादी महाग म्हणून खपत नाही अशी ओरड होती, आणि किंमत उतरविण्याचा सोपा मार्ग कातणारीच्या मजुरीतून जात होता. कातणारी गरीब, विखुरलेली, बहुधा निरक्षर. ती मिळेल त्या दराने कातणार. म्हणजे परदेशी कापडाविरुद्ध ज्या वस्त्राने निषेध नोंदवायचा, त्याच वस्त्रात अपुऱ्या मजुरीचे सूत होते.

१९३५ मध्ये गांधीजींनी ही गोष्ट उघडपणे ऐरणीवर आणली. आठ तासांच्या कामाला आठ आणे हे ध्येय त्यांनी समोर ठेवले. प्रत्यक्षातली मजुरी त्याचा लहानसा अंश होती. त्या वर्षी चरखा संघाने ठराव केला की कातणारीला आठ तासांच्या कामाची मजुरी अशी मिळावी की तीत तिचे कापड आणि शास्त्रीय हिशेबाने ठरविलेले किमान अन्न भागेल. किमान वेतनाचा कायदा देशात १९४८ मध्ये झाला, त्याच्या तेरा वर्षे आधीचा हा ठराव आहे. बाजारात सूत काय दराने मिळते हा विचार बाजूला ठेवून माणसाला जगायला काय लागते, तेथून त्याने हिशेब सुरू केला. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी याच सुमारास कातण्याच्या मजुरीवर स्वतःचा निर्वाह करून पाहिला. दर ठरविणाऱ्याने त्या दरावर जगून पाहावे, ही पद्धत आमच्या वेतन समित्यांनी कधी स्वीकारली नाही.

ठरावाचा परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. मजुरी वाढली तशी खादीची किंमत वाढली आणि संघाचे प्रमाणपत्र नसलेली स्वस्त खादी विकणाऱ्यांचे फावले. तेव्हा प्रमाणपत्राला नवा अर्थ आला. कापड हातसुताचे आहे एवढे पुरेसे नव्हते, ते कातणारीला ठरलेली मजुरी मिळाली आहे हेही त्यातून सिद्ध व्हायचे होते. माझ्या मते खादीच्या सगळ्या इतिहासात चळवळ आणि हिशेब यांची इतकी जवळून गाठ दुसऱ्या कोठेही पडली नाही.

तरीही आकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजेत. गांधीजींनी 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत १९४० सालचा हिशेब दिला आहे. निदान १३,४५१ खेड्यांतील २,७५,१४६ माणसांना कताई, विणाई वगैरे कामांचे मिळून ३४,८५,६०९ रुपये मिळाले. त्यांत ५७ हजारांवर मुसलमान होते आणि कातणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. आता भागाकार करा. माणशी वर्षाला साधारण साडेबारा रुपये, म्हणजे महिन्याला रुपयाहून थोडे अधिक. हे थोडे आहे की पुष्कळ? शहरातल्या वाचकाला थोडे वाटेल. ज्या घरात वर्षातून कित्येक महिने रोख पैसा दिसत नसे, तेथे तो मीठ, रॉकेल आणि औषधाचा पैसा होता, आणि बहुधा बाईच्या हातात येणारा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तुरुंगातून सुटल्यावर १९४४ मध्ये गांधीजींनी चरखा संघाच्या कार्यकर्त्यांना वेगळेच सांगितले. विक्रीसाठी खादी पुरे झाली. ज्याने त्याने आपल्यापुरते कातावे आणि समजून कातावे, असा त्याचा आशय. १९४५ पासून खादी घेताना किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने द्यावा असा नियम झाला. बेळगावची कल्पना पुन्हा आली, पण या वेळी ती ग्राहकासाठी होती. विक्री घटणार हे उघड होते. राष्ट्र स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना या माणसाला खादी दुकानात बंदिस्त होईल याची भीती वाटत होती.

स्वातंत्र्याच्या आगेमागे सरकार या व्यवहारात उतरले. मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री टी. प्रकाशम् यांनी १९४६ मध्ये नव्या गिरण्यांच्या चात्यांना नकार देऊन खादीची योजना पुढे रेटली. तिच्यावर फार टीका झाली आणि १९४७ च्या मार्चमध्ये त्यांचे मंत्रिमंडळही गेले. केंद्राने सौम्य मार्ग धरला. १९५३ मध्ये अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ, १९५६ चा कायदा, आणि १९५७ मध्ये आयोग. कर्ज, अनुदान आणि किरकोळ विक्रीवर सूट ही त्याची साधने.

येथे मला एक बदल दिसतो, जो कोणी ठरवून केला नाही. १९३५ चा ठराव ग्राहकाला म्हणत होता की मजुरी पुरेशी हवी, म्हणून तू जास्त दे. सुटीची योजना त्याला म्हणू लागली की तू कमी दे, फरक सरकार भरील. गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारात उडणारी झुंबड आपण सर्वांनी पाहिली आहे, त्या रांगेत आपणही उभे राहिलो आहोत. यात वाईट काहीच नाही. परंतु ग्राहकाला सवलत मिळाली की तो करारातून मोकळा होतो आणि कातणारी सरकारी दरपत्रकाच्या आश्रयाला जाते. २०१० मध्ये विक्रीवरील सुटीऐवजी उत्पादनावर साहाय्य देण्याची योजना आली आणि त्यातला चौथा हिस्सा कारागिरांसाठी राखला गेला. दिशा योग्य होती. तरीही २०२३ मध्ये कताईचा दर गुंडीमागे साडेसातवरून दहा रुपये आणि २०२४ मध्ये साडेबारा रुपये झाला, तो 'वाढ' म्हणून जाहीर झाला. या दरावर किती खाता येते आणि किती नेसता येते, हा १९३५ चा प्रश्न त्या घोषणांत नव्हता.

राष्ट्रध्वजाची कथा याच सूत्राची आहे. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने ध्वज स्वीकारला. त्यावर चरख्याच्या जागी अशोकचक्र आले, पण कापड खादीचे राहिले. १९५१ मध्ये राष्ट्रध्वजाचे भारतीय मानक निघाले, त्याला मानकांच्या मालिकेतला पहिला क्रमांक मिळाला. सूत, वीण, रंग, शिलाई सारे त्यात बांधून दिलेले होते. हुबळीजवळच्या बेंगेरीत १९५७ साली स्थापन झालेल्या खादी संघाला २००६ पासून प्रमाणित ध्वज बनविण्याचे काम मिळाले; तेथे हात बहुतांशी स्त्रियांचे आहेत. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत यंत्रावर केलेले आणि पॉलिएस्टरचे कापडही चालेल असे झाले. घरोघरी ध्वज पोहोचावा हा हेतू होता आणि तो मला गैर वाटत नाही. कोट्यवधी ध्वज हातसुताने पुरविता येणार नाहीत, हे गणित स्पष्ट आहे. २०२२ मध्ये बेंगेरीच्या संघाने विरोध नोंदविला तो ध्वजाच्या पावित्र्यासाठी तर होताच, पण त्यामागे कामाच्या दिवसांचाही हिशेब होता. ही दुरुस्ती करताना त्या हातांना दुसरे कोणते काम मिळेल हेही त्याच आदेशाच्या शेजारी लिहिले गेले असते, तर प्रशासन म्हणून आपण अधिक पूर्ण काम केले असते.

हस्तकलेतून सामाजिक कार्य करू पाहणाऱ्या संस्था आज देशभर आहेत, आणि परप्रांतांतील मराठी मंडळांतही असे उपक्रम चालतात. दिवाळीत हातमागाच्या वस्तूंची प्रदर्शने भरतात. त्यांना आणि माझ्या खात्यातील तरुण सहकाऱ्यांना मी एकच सुचवीन. वस्तूवर तिची किंमत लिहितो, तशी त्या किमतीत बनविणाऱ्या हातांना किती मिळाले आणि त्यासाठी किती तास लागले, एवढी एक ओळ लिहावी. नस्तीतही तो रकाना जोडपत्रातून काढून पहिल्या पानावर आणावा. याला कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. एक नमुना बदलावा लागतो.

सार्वजनिक काकांनी दरबारात काय घातले, हे इतिहासाने लिहून ठेवले. त्यांच्यानंतर ज्यांनी लाखो वार सूत कातले त्या स्त्रियांची नावे कोठे नाहीत, आणि आता ती मिळणारही नाहीत. त्यांच्या मजुरीचा आकडा तेवढा लिहिता येतो. तो तरी स्पष्ट अक्षरात लिहावा.