स्वमग्न मुलांचा आहार आणि पचनाच्या तक्रारी

स्वमग्नता अर्थात ऑटिझम ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. संवाद, सामाजिक देवाणघेवाण आणि वर्तन यांवर तिचा परिणाम होतो. अशा मुलांच्या घरी मात्र रोजची चिंता बरेचदा ताटाची आणि पोटाची असते. मूल चार-पाच पदार्थांपलीकडे काही खात नाही, त्याला आठवडा-आठवडा शौचास होत नाही, ते रात्री रडत उठते, अशा तक्रारी पालकांकडून सातत्याने ऐकू येतात. ही बाब नवी नाही. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकीय ओळख मिळवून दिली, त्यांच्यापैकी अनेकांना तान्हेपणापासून खाण्यापिण्याच्या अडचणी होत्या, अशी नोंद त्यांच्या त्या पहिल्याच निबंधात आहे.

२०१४ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात १५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. स्वमग्न मुलांमध्ये पचनाच्या तक्रारी आढळण्याचा संभव इतर मुलांच्या तुलनेत चौपटीहून अधिक असल्याचे त्यात दिसून आले. बद्धकोष्ठता व अतिसार यांचा संभव साडेतीन पटींहून अधिक, तर पोटदुखीचा सुमारे अडीच पट होता. याचा अर्थ प्रत्येक स्वमग्न मुलाचे पोट बिघडलेलेच असते असा नाही. स्वमग्नतेचा म्हणून आतड्याचा काही वेगळा आजार असतो, याला पुरावा नाही, असे २०१० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञगटाने एकमताने नमूद केले. या मुलांना होणारे पोटाचे आजार इतर मुलांना होतात तेच आहेत. त्यांची तपासणी आणि उपचारही तितक्याच काळजीने व्हावेत, अशी शिफारस या गटाने केली.

या शिफारशीची गरज भासण्याला एक पार्श्वभूमी होती. 'लॅन्सेट'मध्ये १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी १२ मुलांच्या आधारे आतड्याचा दाह, स्वमग्नता व गोवर-गालगुंड-रुबेला लस यांची सांगड घालणारा लेख लिहिला. पुढील मोठ्या अभ्यासांत लसीचा असा कोणताही संबंध आढळला नाही. 'लॅन्सेट'ने तो लेख फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने वेकफील्ड यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. या प्रकरणाने लसीकरणाची हानी केलीच, शिवाय स्वमग्न मुलांच्या पोटदुखीचा विषयच संशयास्पद ठरवला.

न सांगता येणारे दुखणे

बोलता न येणारे, किंवा बोलता येऊनही शरीरातील संवेदना ओळखून सांगता न येणारे मूल 'पोट दुखते' असे म्हणत नाही. दुखणे त्याच्या वागण्यातून प्रकट होते. मूल टेबलाच्या किंवा पलंगाच्या कडेवर पोट दाबून पडते, वारंवार आवंढे गिळते, घसा खाकरते, दात खाते, जेवताना एकाएकी उठून पळते, स्वतःला मारून घेते किंवा चावते. जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येत असेल तर आडवे झाल्यावर त्रास वाढतो आणि झोप मोडते. अशी लक्षणे 'स्वमग्नतेचाच भाग' मानून सोडून दिली जातात, किंवा वर्तन शमवणारे औषध सुरू केले जाते. चांगले चाललेल्या मुलाचे वागणे अचानक बिघडले, तर आधी दात, कान आणि पोट तपासावे, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला त्यामुळेच महत्त्वाचा आहे.

या तक्रारींत सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक चुकीच्या रीतीने ओळखली जाणारी तक्रार बद्धकोष्ठतेची. एकदा शौचाच्या वेळी दुखले की मूल शौच रोखून धरते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मळ साचतो, त्यातील पाणी शोषले जाऊन तो अधिकच कठीण होतो, आतडे ताणले जाते आणि शौचाची जाणीव मंदावते. काही काळाने साचलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ झिरपून कपडे खराब होऊ लागतात. घरच्यांना तो अतिसार वाटतो, जुलाब थांबवण्याचे औषध दिले जाते आणि मूळ दुखणे बळावते. उपचाराचा क्रम याच्या उलट असावा लागतो. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली साचलेला मळ मोकळा करायचा, मग पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोजसारखे मळ मऊ ठेवणारे औषध पुरेसे दिवस, प्रसंगी काही महिने, चालू ठेवायचे. आराम पडताच औषध बंद करणे हे त्रास उलटण्याचे नेहमीचे कारण असते. सोबत पाणी, तंतुमय पदार्थ आणि जेवणानंतर ठरलेल्या वेळी शौचास बसवण्याची सवय हवी. पाश्चात्त्य पद्धतीच्या शौचकूपावर मुलाचे पाय लोंबकळत असतील, तर पायांखाली पाट द्यावा. उकिडवे बसण्याच्या भारतीय पद्धतीत ही अडचण मुळातच येत नाही.

निवडक खाणे आणि त्याची किंमत

अनेक स्वमग्न मुलांना पदार्थाचा पोत, वास, रंग आणि तापमान यांची जाणीव इतरांहून तीव्रतेने होते. तूप-मीठ-भात आवडीने खाणारे मूल त्यात जिऱ्याचा एक दाणा दिसला तरी ताट लोटून देते. वरणातली मोहरी, भाजीतली कोथिंबीर, दह्यातली गुठळी हे त्याच्या दृष्टीने अनपेक्षित धक्के असतात. कारखान्यात तयार झालेले बिस्किट मात्र प्रत्येक वेळी सारखेच दिसते आणि सारखेच लागते. या मुलांचा ओढा बिस्किटे, वेफर्स, नूडल्स यांकडे का असतो, याचे बरेचसे उत्तर या सारखेपणात आहे. त्याला केवळ हट्ट किंवा लाड म्हणणे अन्यायाचे ठरते.

२०१३ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार स्वमग्न मुलांमध्ये खाण्याच्या समस्यांचा संभव सुमारे पाच पट असतो. त्यांच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिने कमी आढळली, पण उंची-वजनात इतर मुलांच्या तुलनेत विशेष फरक दिसला नाही. हीच यातील फसवी बाब आहे. वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवतो आणि कमतरता आत वाढत राहते. आहार फारच आक्रसलेल्या मुलांमध्ये 'क' जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्व्ही झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. मूल लंगडते, चालायचे नाकारते, हिरड्या सुजतात. सांध्यांचा आजार किंवा रक्ताचा कर्करोग यांचा शोध घेऊन झाल्यावर कुणीतरी 'हे मूल खाते काय?' असे विचारते, तेव्हा निदान होते. 'अ' जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावामुळे दृष्टी गेल्याची उदाहरणेही आहेत. दिवसभर दुधावर राहणाऱ्या मुलांमध्ये लोहाची कमतरता होते. माती, खडू, भिंतीचा रंग यांसारख्या अखाद्य वस्तू खाण्याची सवय असेल, तर रक्तातील लोहाबरोबर शिशाचेही प्रमाण तपासणे आवश्यक ठरते.

औषधांचाही येथे संबंध येतो. चिडचिडेपणासाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनमुळे भूक व वजन वाढते, तर अतिचंचलतेवरील मिथाइलफेनिडेटमुळे भूक मंदावते.

नवा पदार्थ ताटात आणण्यास वेळ द्यावा लागतो. आवडत्या पदार्थाशेजारी तो केवळ ठेवणे, मग हाताने शिवणे, वास घेणे, ओठांना लावणे आणि शेवटी कणभर खाणे, असा हा क्रम आठवडेच्या आठवडे चालू शकतो. बळजबरीने भरवल्यास मूल तो पदार्थ तर नाकारतेच, कधीकधी खात असलेलाही सोडते. वाचा व व्यवसायोपचार तज्ज्ञांची मदत येथे उपयोगी पडते. चघळणे आणि गिळणे यांतच दोष आहे का, हे त्यांच्याकडून तपासून घ्यावे.

गहू आणि दूध बंद करण्याचा प्रश्न

गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन वगळणारा आहार हा पालकांना सर्वाधिक सुचवला जाणारा उपाय. या प्रथिनांच्या अर्धवट पचनातून तयार होणारे घटक मेंदूवर अफूसारखा परिणाम करतात, अशी त्यामागील कल्पना. ती सिद्ध झालेली नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका काटेकोर चाचणीत १४ मुलांना हा आहार देऊन मधूनच, कुणालाही न कळता, ग्लुटेन व केसीन दिले गेले. झोप, शौच वा वर्तन यांत लक्षणीय फरक पडला नाही. चाचणी लहान होती, हे खरे. मोठ्या प्रमाणावर फायदा दाखवणारा भक्कम पुरावा मात्र आजवर पुढे आलेला नाही.

हा आहार करून पाहायचाच असेल, तर दोन गोष्टी आधी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली सीलिअ‍ॅक आजाराची. ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा हा आजार गहू खाणाऱ्या उत्तर भारतात दुर्मिळ नाही. त्याची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते, कारण गहू सोडल्यावर प्रतिपिंडे कमी होतात आणि अहवाल फसवा येतो. दुसरी गोष्ट दुधाची. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांच्यात ग्लुटेन नसल्याने महाराष्ट्रातील घरात गव्हाला पर्याय सहज मिळतो. शाकाहारी मुलाचे दूध, दही, ताक, पनीर एकदम बंद केल्यास मात्र कॅल्शियम, प्रथिने आणि 'बी-१२' जीवनसत्त्व यांचा मुख्य स्रोतच जातो. चार ते आठ वर्षांच्या ७५ स्वमग्न मुलग्यांच्या २००८ मधील अमेरिकी अभ्यासात हाडांच्या बाह्य थराची जाडी अपेक्षेपेक्षा कमी भरली आणि दुधाविना आहार घेणाऱ्यांत ती आणखी कमी होती. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असल्याने तिची मदत होते, 'बी-१२' मात्र तिच्यात नाही.

यापूर्वी सिक्रेटिन या संप्रेरकाच्या इंजेक्शनाने अशीच लाट आणली होती. १९९८ मध्ये काही मुलांत आश्चर्यकारक सुधारणा झाल्याचे वृत्त पसरले, १९९९ पासूनच्या नियंत्रित चाचण्यांत ते निष्प्रभ ठरले. क्लोरीन डायऑक्साइडचे द्रावण पाजण्याचा प्रकार तर थेट घातक असून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याविरुद्ध २०१९ मध्ये पुन्हा इशारा दिला.

आतड्यातील सूक्ष्मजीवांविषयी सध्या मोठे कुतूहल आहे. अ‍ॅरिझोनात २०१७ मध्ये १८ मुलांवर सूक्ष्मजीव-प्रत्यारोपणाचा प्रयोग झाला व सुधारणा नोंदवली गेली, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ऑस्ट्रेलियातील २४७ मुलांच्या २०२१ मधील अभ्यासाने वेगळीच दिशा दाखवली. सूक्ष्मजीवांतील फरक स्वमग्नतेमुळे थेट नसून, मर्यादित पदार्थ खाण्यामुळे असावा, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे प्रश्न पुन्हा ताटापाशीच येतो.

भारतात स्वमग्नतेला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि पुढे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्यता दिली. न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधांचा खर्चही ठरावीक मर्यादेत तीत येतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या तपासण्या होतात, त्यांत स्वमग्नतेबरोबरच तीव्र रक्तक्षय आणि 'अ' व 'ड' जीवनसत्त्वांची कमतरता यांचाही समावेश आहे. पुढील तपासणीसाठी मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तेथे जाताना मुलाने आठवडाभरात काय खाल्ले, शौचास कधी व कशी झाली आणि रात्री किती वेळा जाग आली, याची लेखी नोंद सोबत नेल्यास डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते.