मोटारीच्या रंगावरील सूक्ष्म ओरखडे

मोटारीच्या रंगावरील सूक्ष्म ओरखडे म्हणजे गाडीच्या रंगाच्या सर्वांत वरच्या थरात पडलेल्या अतिशय उथळ रेषा होत. गाडी धुताना किंवा पुसताना धूळकणांच्या घर्षणाने त्या पडतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या अशा रेषांच्या समूहास व्यवसायात 'स्वर्ल मार्क' असे म्हणतात. पॉलिश करून त्या काढता येतात. मात्र या प्रक्रियेत ओरखडा भरून येत नाही, तर त्याच्या सभोवतालचा थर झिजवून पृष्ठभाग समपातळीत आणला जातो. त्यामुळे ती अमर्याद वेळा करता येत नाही.

रंगाचे थर

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर सामान्यतः गंजरोधक लेप, प्रायमर, मूळ रंग (बेस कोट) आणि पारदर्शक थर (क्लिअर कोट) असे चार थर असतात. त्यांची एकत्रित जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रोमीटर असते. त्यांपैकी क्लिअर कोट साधारणपणे ३५ ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. गाडीची चकाकी याच थरामुळे असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो.

क्लिअर कोट रूढ होण्यापूर्वीच्या गाड्यांवर, उदाहरणार्थ मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीवर, चकाकीदार रंगाचा एकच वरचा थर असे. असा रंग पॉलिश करताना फडक्यास गाडीचाच रंग लागतो. क्लिअर कोट असलेल्या गाडीत तसे होत नाही.

ओरखडे गोलाकार का दिसतात

हे ओरखडे प्रत्यक्षात निरनिराळ्या दिशांनी गेलेले असतात. परंतु दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेषा विशिष्ट कोनात असतात, त्यांच्याच कडांवरून प्रकाश परावर्तित होऊन डोळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून प्रतिबिंबाभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. काळ्या व गडद रंगांवर ते ठळक दिसतात, तर पांढऱ्या व चंदेरी रंगांवर सहज लक्षात येत नाहीत.

गोंदिया जिल्ह्यातील परिस्थिती

१९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाच्या पिकासाठी व भातगिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. उसना तांदूळ तयार करताना बॉयलरमध्ये इंधन म्हणून धानाचा तूस वापरला जातो. तुसाच्या राखेत साधारणपणे ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. सिलिकाचे कण क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. गिरणीजवळ उभ्या असलेल्या गाडीवर अशी राख, तुसाचे कण किंवा रस्त्यावरील धूळ बसली असता ती कोरड्या फडक्याने झटकणे म्हणजे रंगावर घासकागद फिरवण्यासारखेच ठरते. मळणीच्या हंगामात रस्त्याकडेला व खळ्यांवर उडणारा भुसा यात भर घालतो.

परीक्षण

ओरखड्यावरून नख हलकेच आडवे फिरवले असता ते अडकले नाही, तर ओरखडा बहुधा पॉलिशने निघण्याजोगा असतो. नख अडकल्यास तो खोल गेलेला असतो. ओरखड्यात पांढुरका प्रायमर किंवा पत्रा दिसत असल्यास पॉलिशचा उपयोग होत नाही. अशा ठिकाणी टचअप किंवा पुन्हा रंगकाम करावे लागते. उघडा पत्रा पावसाळ्यात लवकर गंजतो. व्यावसायिक कारागीर काम सुरू करण्यापूर्वी जाडीमापक यंत्राने रंगाची जाडी पाहतात.

काढण्याची पद्धत

१. गाडी भरपूर पाण्याने व शाम्पूने धुऊन कोरडी केली जाते.
२. धुऊनही न निघालेले चिकट कण ओलसर पृष्ठभागावर क्ले बार फिरवून काढले जातात.
३. रबर व प्लॅस्टिकच्या कडांवर चिकटपट्टी लावली जाते.
४. सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ फोमचे पॅड घेऊन लहानशा भागावर चाचणी केली जाते. तिने ओरखडे न निघाल्यासच अधिक तीव्र रबिंग कंपाऊंड वापरले जाते.
५. सुमारे दीड ते दोन फूट लांबी-रुंदीचा एकेक भाग घेऊन यंत्राने आडवे व उभे हात फिरवले जातात.
६. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या सौम्य द्रावणाने तेलकटपणा पुसून ओरखडे खरोखर गेले की केवळ झाकले गेले, हे तपासले जाते.
७. शेवटी मेण किंवा सिलंट लावले जाते.

एका अक्षाभोवती फिरणारे रोटरी यंत्र जलद काम करते, परंतु एकाच जागी थांबल्यास रंग तापून जळू शकतो. दुहेरी गतीचे यंत्र नवशिक्यांसाठी अधिक सुरक्षित मानले जाते. पत्र्याच्या कडा व उंचवटे येथे रंग पातळ असल्याने तेथे विशेष काळजी घ्यावी लागते. विदर्भातील उन्हाळ्यात उन्हात तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लवकर वाळते. म्हणून हे काम सावलीत व पत्रा थंड असताना केले जाते.

मर्यादा व गैरसमज

मेण ओरखडे काढत नाही, काही काळ झाकते. टूथपेस्टमधील अपघर्षकामुळे अगदी बारीक रेषा फिक्या होऊ शकतात, परंतु तिचे कण मोटारीच्या रंगासाठी बनवलेले नसतात. रॉकेल किंवा डिझेलने पुसल्यावर दिसणारी चमक तेलकट थराची असते आणि त्यावर धूळ अधिक चिकटते. दरवेळी धुतल्यावर 'रबिंग' करून घेतल्यास क्लिअर कोट हळूहळू संपतो. तो विरल्यावर रंग फिका पडतो व पापुद्रे सुटू लागतात. मग पुन्हा रंगवण्याखेरीज उपाय उरत नाही.

प्रतिबंध

पुसण्यापूर्वी धूळ पाण्याच्या धारेने वाहून जाऊ देणे, शाम्पूसाठी व स्पंज खंगाळण्यासाठी दोन वेगळ्या बादल्या ठेवणे, वरून खाली धुणे आणि स्वच्छ मायक्रोफायबर फडके वापरणे हे परिणामकारक उपाय आहेत. जमिनीवर पडलेले फडके न धुता पुन्हा वापरू नये, कारण त्यात अडकलेला एखादा वाळूचा कणही नवे ओरखडे पाडण्यास पुरेसा असतो.