फुप्फुसातील संशयास्पद गाठ : फेरतपासणीचा काळ

फुप्फुसात योगायोगाने आढळलेली ३ सेंमी.पर्यंतची गोलसर गाठ पुन्हा केव्हा तपासायची, हे तिच्या आकारावर, घनतेवर व रुग्णाच्या जोखमीवर ठरते. फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७च्या शिफारशींनुसार ६ मिमी.पेक्षा लहान, एकट्या घन गाठीला कमी जोखमीच्या रुग्णात नियमित सीटी स्कॅन लागत नाही. ६ ते ८ मिमी.च्या घन गाठीसाठी ६ ते १२ महिन्यांनी स्कॅन करतात, ८ मिमी.पेक्षा मोठी असल्यास ३ महिन्यांनी स्कॅन, पेट स्कॅन किंवा बायॉप्सी यांचा विचार होतो. धूसर काचेसारखी दिसणारी, ६ मिमी. किंवा त्याहून मोठी गाठ सावकाश वाढते, म्हणून तिच्यावर ५ वर्षे लक्ष ठेवतात. पस्तिशीच्या आतील, कर्करोग असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना हे वेळापत्रक लागू नाही.

वाढ डोळ्यांना फसवते. गाठ ८ची १० मिमी. झाली, तरी तिचे घनफळ जवळपास दुप्पट झालेले असते. त्यामुळे जुन्या स्कॅनची सीडी जवळ असणे मोलाचे. नुसत्या रिपोर्टवर तुलना नीट होत नाही.

जुन्या क्षयरोगाचा व्रणही गाठीसारखा दिसतो आणि सक्रिय क्षय पेट स्कॅनवर कर्करोगासारखाच चमकतो. उलट, थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होऊन कर्करोगाचे निदान लांबते. ही चूक अधिक महागात पडते. गाठीत पूर्ण, एकसंध चुना साचलेला असल्यास मात्र फेरस्कॅन सहसा टाळता येतो.