स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशन व महाराष्ट्र

पेशवाईच्या अखेरीस व तदनंतर महाराष्ट्रांत आलेल्या सर्व ख्रिस्ती धर्मोपदेशकांस 'मिशनरी' या एकाच नांवानें संबोधण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. तीमुळें जुनीं दप्तरें चाळणाऱ्याची फसगत होते. 'ज्ञानोदय' काढणारी अमेरिकन मिशन निराळी व मुंबई-पुण्यांत पाठशाळा चालविणारी स्कॉटिश मिशन निराळी. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या, म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळींचाच विचार करावयाचा आहे.

या पंथांत बिशपाचा अधिकार नाहीं. मंडळीनें निवडलेले वडील व उपाध्याय यांच्या सभेनें कारभार चालतो. धर्मग्रंथ प्रत्येकानें स्वतः वाचावा हा त्यांचा कटाक्ष. म्हणून दर पॅरिशमध्यें एक शाळा असावी असा कायदा स्कॉटलंडांत १६९६ सालींच झाला होता. अशा देशांतून आलेल्यांनीं उपदेशाबरोबरच शाळा घालावी यांत नवल नाहीं. १८२३ सालीं डोनाल्ड मिचेल बाणकोटास उतरला व त्याच वर्षीं वारला. परंतु त्याच्या मागून आलेल्यांनीं बाणकोट व हर्णे या बाजूस मराठी शाळा चालविल्या.

१८२९ सालीं जॉन विल्सन मुंबईस आला आणि या कार्यास निराळें वळण लागलें. त्याची पत्नी मार्गारेट हिनें मराठी शिकून मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ सालीं ती वारली. विल्सननें १८३२ सालीं स्थापिलेल्या शाळेचेंच पुढें विल्सन कॉलेज झालें. १८३१ सालीं मोरभट दांडेकर यांच्याशीं त्याचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनीं 'हिंदुधर्मस्थापना' छापून काढली व विल्सननें पुढील वर्षीं तीस ग्रंथरूपानें उत्तर दिलें. शास्त्रार्थ पूर्वीं पंडितांच्या सभेंत होत असे, तो आतां छापखान्यांत गेला व वाचतां येणाऱ्या प्रत्येकापुढें आला.

वादाची खरी धग मात्र घराघरांत पोंचली ती पुढें. १८३९ सालीं धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टांत गेलें, धनजीभाईस आपल्या मर्जीप्रमाणें राहण्याची मोकळीक मिळाली आणि पालकांनीं मुलें शाळेंतून काढून घेतलीं. १८४३ सालीं नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयी भाऊ श्रीपत यास कोर्टानें बापाच्या हवालीं केलें. त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें यासाठीं बाळशास्त्री जांभेकर झटले व त्यावरून ब्राह्मण मंडळींत तट पडले. परधर्मांत गेलेल्यास परत घेतां येतें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या समाजास या शाळेनें विचारावयास लाविला.

त्याच १८४३ सालीं स्कॉटलंडच्या चर्चमध्यें फूट पडली. उपाध्याय नेमण्याचा हक्क मंडळीचा कीं जमीनदाराचा, हा त्या वादाचा मुख्य मुद्दा होता. विल्सन व त्याचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूस गेले. इमारतीचा हक्क सोडून त्यांनीं नव्यानें शाळा मांडली. तत्त्वासाठीं मालमत्ता सोडणारा हा प्रसंग, त्यांच्या धर्ममतांशीं आपलें कितीहि वांकडें असलें तरी, नमूद केला पाहिजे.

आम्हां संशोधकांवर तर यांचें ऋण विशेष आहे. जॉन स्टीव्हन्सन यानें १८३३ सालीं मराठीचें व्याकरण, १८४२ सालीं सामवेदाचें भाषांतर व १८४८ सालीं कल्पसूत्राचें भाषांतर प्रसिद्ध केलें. सह्याद्रींतील लेण्यांच्या लेखांवरहि त्यानें परिश्रम घेतले. विल्सननें १८३५ सालीं गिरनारचा शिलालेख पाहिला व त्याच्या खटपटीनें झालेली प्रत प्रिन्सेपच्या हातीं पडली. लेण्यांची पाहणी करण्यास नेमलेल्या मंडळाचा तो अध्यक्ष होता. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीस मराठी भाषेवरील त्याचें टिपण जोडलेलें आहे. हेतु खंडनाचा होता हें खरें. पण खंडनासाठीं केलेला अभ्यास मंडनासहि उपयोगी पडला.

तीच गोष्ट शिक्षणाची. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ पर्यंत पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहींत. पण १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढली व १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. देव व भक्त यांत मध्यस्थ नको, हें त्यांचें म्हणणें प्रेस्बिटेरियन वर्गांतूनच आलें असें म्हणणें धाडसाचें होईल. आमची संतपरंपरा आहेच. तथापि त्या वर्गांतील चर्चेचा संस्कार नाकारणेंहि न्यायाचें नव्हे. इकडे नारायण शेषाद्रि यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाची वसाहत केली. कोल्हापूरची मिशन १८७० सालीं अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे आली व तिच्याच कार्यांतून पुढें मिरजेस डॉक्टर वानलेस यांचें रुग्णालय उभें राहिलें.

सारांश, बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या मोजून या प्रभावाचें माप निघणार नाहीं. जे त्या धर्मांत गेले नाहींत त्यांनीं काय घेतलें व काय नाकारलें, यावरूनच तें ठरेल. त्याचीं साधनें मिशनच्या छापील अहवालांत एकाच बाजूचीं मिळतात. दुसरी बाजू आपल्या घरच्या रुमालांत, शिळाप्रेसवरील खंडनपर पुस्तिकांत, प्रायश्चित्ताच्या निर्णयपत्रांत व भाऊबंदांच्या पत्रव्यवहारांत दडलेली असण्याचा संभव आहे. संग्राहकांनीं असे कागद 'अर्वाचीन' म्हणून बाजूस टाकूं नयेत, एवढीच विनंति.