नोंद नसलेली बिदागी

पुण्यात प्रभात आणि मालाडला बॉम्बे टॉकीज जोरात होती, तेव्हा पडद्यावरच्या नायिकेपासून सेटवरच्या सुतारापर्यंत बहुतेक सगळे महिन्याच्या पगारावर असत. पगाराची नोंद वहीत होई. लपवण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते.

ही घडी दुसऱ्या महायुद्धात मोडली. साठेबाजीतून पैसा साचला, त्यावर १९४० पासून जादा नफ्यावरचा कर बसला आणि वहीत न दाखवता येणारी रोकड मुंबईच्या चित्रपटांत शिरली. नवे निर्माते स्वतःचा स्टुडिओ उभारत बसले नाहीत. त्यांनी थेट नटालाच उचलले. पगाराच्या कित्येक पट मोबदला, काही करारावर, उरलेला रोख. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात या काळ्या पैशावर बोट ठेवले आणि धंद्याला भांडवल पुरवणारे महामंडळ सुचवले. ते यायला १९६० उजाडले. तोवर निर्मात्याला सावकाराशिवाय वाली नव्हता, आणि सावकाराने नोटा दिल्यावर नटाला धनादेश कुठून मिळणार?

त्यात कराचे दर. १९७३-७४ मध्ये दोन लाखांवरच्या उत्पन्नावर अधिभार धरून ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता. वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात उरत. माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने १९७१ मध्येच सांगितले होते की असे दरच करचुकवेगिरीला खतपाणी घालतात. १९७४-७५ मध्ये कमाल दर ७७ टक्क्यांवर आला. पुढे निर्मात्यांनी कोणाला किती पैसे दिले याचे विवरण प्राप्तिकर खात्याला देण्याची खास तरतूदही कायद्यात आली. तरी ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ असे दोन भाव टिकले, कारण भांडवलच मुळात नंबर दोनचे होते.

ताऱ्यांवरच्या धाडींच्या बातम्या झाल्या. खरे नुकसान सोसले ते एक्स्ट्रा, लाइटमन आणि स्पॉटबॉय यांनी. त्यांची कमाई करपात्र मर्यादेच्या आसपासही नव्हती, चुकवायला करच नव्हता. पण रोखीची रीत त्यांच्याही वाट्याला आली. संध्याकाळी हातावर रोजंदारी, त्यातून सप्लायरचे कमिशन वजा. कागद नाही, म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही. चित्रपट रखडला तर थकलेली मजुरी मागायला पुरावाही नाही. ताऱ्याने स्वतःच्या फायद्यासाठी टाळलेली नोंद या माणसांना हवी होती, हे सरकारला उशिरा उमगले. १९८१ च्या सिने-कामगार कायद्याने लेखी कराराशिवाय कामगाराला कामावर ठेवण्यास मनाई केली आणि भविष्यनिर्वाह निधीचा हक्कही दिला.