सेवेचा तास आणि यंत्राची किंमत

सुरतेच्या आग्नेयेकडील लिंबायत, डिंडोली आणि उधना या पट्ट्यात मराठी भाषा कशी आली, याचे उत्तर रेल्वेच्या रुळांवर सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापीच्या खोऱ्यातून सुरत ते अमळनेर अशी गाडी सुरू झाली. पुढे सुरतेत यंत्रमाग आणि रंगाई-छपाईचे कारखाने वाढत गेले, तशी धुळे, नंदुरबार आणि जळगाव या भागांतील कुटुंबे याच मार्गाने इकडे आली. त्यांच्या घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि कारखान्यात हिंदी अशी चार भाषांची वाटणी झाली. या वस्तीतील मुलांच्या शिक्षणासाठी सार्वजनिक पैसा कसा आला, कोणत्या कामासाठी आला आणि कोणत्या कामापाशी अडला, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोन खर्च निवडले आहेत : विद्यार्थ्यांनी करावयाच्या समाजसेवेवरचा आणि वर्गात येणाऱ्या यंत्रांवरचा. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु जमाखर्चाच्या वहीत दोन्ही ठिकाणी एकच सवय दिसून येते.

शाळेतील मुलांच्या श्रमाचा आणि सरकारी तिजोरीचा संबंध आपल्याकडे प्रथम उघडपणे चर्चिला गेला तो १९३७ साली. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि त्यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. शिक्षणावरचा खर्च बऱ्याच अंशी दारूवरील अबकारी उत्पन्नातून भागत असे, आणि काँग्रेस तर दारूबंदीला वचनबद्ध होती. गांधीजींनी सुचविलेला मार्ग असा की, मुलांनी हस्तोद्योगातून शिकावे आणि त्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघावे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत या स्वावलंबनाच्या कलमावर अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी स्पष्ट आक्षेप घेतला. शाळा बाजारात उतरल्या तर गरीब कारागिराशीच त्यांची स्पर्धा होईल, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसने मूलोद्योगी शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले ते हरिपुरा अधिवेशनात, म्हणजे सुरत जिल्ह्यातच. तो काळ मुंबई प्रांताचा होता. बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ सुरत आणि खानदेश या दोहोंचा कारभार पाहत होते. खानदेशातून सुरतेस आलेल्या मजुराचे गाव बदले, सरकार बदलत नसे.

मूलोद्योगी शिक्षणाची योजना कालांतराने मागे पडली. पण तिच्यातील एक गृहीतक मात्र टिकून राहिले : मुलांचे श्रम असतील तेथे पैशाची गरज कमी. पुढील सर्व इतिहास समजून घेताना हे गृहीतक ध्यानात ठेवावे लागते.

१ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली. सुरत गुजरातेत आणि खानदेश महाराष्ट्रात गेला. याच रेल्वेमार्गावरील नवापूर स्थानकाचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात आहे. लिंबायतच्या मराठी शाळेची स्थितीही काहीशी तशीच म्हणावी लागेल. तिची भाषा एका राज्याची आणि तिचा पैसा दुसऱ्या राज्याचा. तिचा आधार दोन कायद्यांत आहे. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने नगरपालिकांच्या शाळामंडळांची घडी घातली, आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३५० क कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याची जबाबदारी राज्यावर आणि स्थानिक संस्थेवरही टाकली. १९६६ साली सुरतेची नगरपालिका महानगरपालिका झाली. तिच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालविल्या, ही भारतातील महानगरांच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. गुजरात राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने मराठीतूनही पुस्तके काढली. शाळा, शिक्षक आणि पुस्तक यांची सोय झाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. प्रश्न उरतो तो पुस्तकापलीकडच्या शिक्षणाचा.

विद्यार्थ्यांच्या समाजसेवेस राष्ट्रीय स्वरूप देण्याचा विचार स्वातंत्र्यानंतर लवकरच सुरू झाला. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. माध्यमिक शिक्षण पुरे करणाऱ्या तरुणांनी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी, अशी तिची शिफारस होती. देशमुख हे अर्थमंत्रिपद भूषविलेले गृहस्थ. सेवेला पैसा लागतो हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. पण एवढ्या तरुणांच्या निवासाचा, भोजनाचा आणि मार्गदर्शनाचा भार पेलणे अवघड होते आणि सक्तीची कल्पनाही रुचली नाही. पुढे के. जी. सैयदैन यांनी परदेशांतील योजनांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असे मत दिले, आणि कोठारी आयोगाने ती शिक्षणाच्या सर्व स्तरांवर असावी असे सुचविले. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. तेव्हा तीत ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी होते. चौथ्या पंचवार्षिक योजनेत तिच्यासाठी ५ कोटी रुपये ठेवण्यात आले. केंद्र आणि राज्य यांनी खर्च सात आणि पाच या प्रमाणात वाटून घ्यावा असे ठरले. ही वाटणी २०१६ पर्यंत चालली. त्यानंतर सर्व भार केंद्राने घेतला.

या योजनेचे हिशेब बोलके आहेत. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित काम करावे, अशी अपेक्षा असते. गेल्या दशकात नियमित कामासाठी दर स्वयंसेवकामागे वर्षाला २५० रुपये आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठी ४५० रुपये असा दर होता. म्हणजे वर्षाच्या १२० तासांसाठी तासाला सुमारे दोन रुपये. यातच साहित्य, प्रवास, अल्पोपाहार आणि व्यवस्था. श्रमदान फुकट असते हे खरे. पण श्रमदान घडवून आणणारा शिक्षक, त्याचा वेळ आणि झालेल्या कामावर मुलांशी होणारी चर्चा फुकट नसते. ही चर्चा नसेल तर सेवेतून शिक्षण होत नाही, केवळ झाडलोट होते. १९३७ चे ते गृहीतक येथे पुन्हा भेटते.

शिवाय ही योजना प्रामुख्याने महाविद्यालयांची. १९८५ साली ती कर्नाटकात आणि गुजरातेतील अहमदाबाद जिल्ह्यात अकरावी-बारावीच्या स्तरावर प्रयोगादाखल आणली गेली. पण पहिली ते आठवीची नगरपालिका शाळा तिच्या कक्षेत आली नाही. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने शाळांसाठी समाजोपयोगी उत्पादक कार्य हा विषय सुचविला. त्याला वेळापत्रकात तास मिळाले, स्वतंत्र माणूस क्वचितच मिळाला. त्यामुळे लिंबायतचे मूल सेवा करणाऱ्यांच्या यादीत फारसे आले नाही. ते सेवा घेणाऱ्यांच्याच यादीत राहिले.

वर्गातील यंत्रांचा इतिहास याहून झगमगीत आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि त्या खेड्यांतील वर्गांचा तो पडदा रिता झाला. नंतर आपला इन्सॅट उपग्रह आला आणि सहा राज्यांत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रासाठी पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी आणि गुजरातसाठी अहमदाबादेत तशीच संस्था. लिंबायतच्या मुलाची भाषा पुण्याच्या संस्थेची आणि अभ्यासक्रम गांधीनगरचा. दोन्ही संस्था सार्वजनिक पैशाच्या, पण हे मूल कोणाच्याच आराखड्यात नेमके बसत नव्हते. पुढे केंद्राचे अनुदान थांबले आणि २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद करण्यात आली.

संगणकांची कथाही वेगळी नाही. १९८४-८५ साली केंद्राने सुमारे २५० शाळांपासून संगणक-साक्षरतेचा उपक्रम सुरू केला. यंत्रे ब्रिटिश बनावटीची होती आणि त्यांवरील पाठ बहुतांशी इंग्रजीत होते. डिसेंबर २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी माहिती-तंत्रज्ञानाची नवी योजना आली. २०१८ पासून ती समग्र शिक्षा अभियानात विलीन झाली. या अभियानाच्या निकषांत संगणक-कक्षासाठी एका शाळेस एकदाच ६ लाख ४० हजार रुपये आणि चालू खर्चासाठी वर्षाला २ लाख ४० हजार रुपये, तेही पाच वर्षांपर्यंत, अशी तरतूद दिसते. सेवा योजनेच्या त्या काळच्या दराने शंभर स्वयंसेवकांच्या एका पथकाला नियमित कामासाठी वर्षाला मिळत २५ हजार रुपये. संगणक-कक्षाच्या पाच वर्षांच्या खर्चात असे पथक सत्तर वर्षांहून अधिक काळ चालले असते. यंत्र नको असा याचा अर्थ नाही. यंत्राच्या खरेदीची रक्कम ठळक असते, उद्घाटनाची फीत कापता येते आणि लेखापरीक्षकास वस्तू मोजून दाखविता येते. माणसाचा तास मोजून दाखविणे कठीण असते, म्हणून त्याची तरतूद नेहमी शेवटी होते आणि कपात नेहमी आधी. पाच वर्षांनंतर यंत्र जुने होते, तेव्हा ते दुरुस्त करणारा आणि त्यावर मराठीतून शिकविणारा माणूस कोणत्या शीर्षाखाली शोधायचा, हा प्रश्न त्या कागदावर नसतो.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या, तेव्हा या सवयीची परीक्षा झाली. गुजरात राज्याने दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून पाठ दाखविले. मजुराच्या घरातील एकच फोन वडिलांबरोबर कारखान्यात जातो, तेथे दुपारचा ऑनलाइन तास कागदावरच राहतो. अशा वेळी गुजरातेतील अनेक सरकारी शिक्षक गल्लीत जाऊन, ओट्यावर किंवा मंदिराच्या आवारात मुलांना शिकवू लागले. त्यास ‘शेरी शिक्षण’ असे नाव पडले. यंत्र अडले तेथे माणूस चालत गेला. शासनाने दिलेल्या वस्तूंहून त्या काळी अधिक उपयोगी पडले ते शिक्षकाचे पाऊल, हे कोणत्याही खरेदीच्या यादीत दिसत नाही.

या आठ दशकांच्या वाटचालीतून लिंबायतपुरता तरी एक व्यवहार्य धडा निघतो. सेवेचा पैसा आणि यंत्राचा पैसा वेगवेगळ्या खात्यांतून येतो. पण त्या दोहोंना एकमेकांची गरज आहे. महाविद्यालयांत शिकणारे मराठी विद्यार्थी याच वस्तीतून आले आहेत. त्यांच्या सेवेचे १२० तास जवळच्या नगरपालिका शाळेतील संगणकापाशी, अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मराठीतून आणि गुजरातीतूनही समजावून सांगण्यात गेले, तर सेवेला अर्थ येईल आणि यंत्राला भाषा मिळेल. मात्र त्यासाठी या तासांची देखरेख करणाऱ्या शिक्षकाच्या वेळेचे मोल अंदाजपत्रकात लिहावे लागेल. ३५० क कलमातील ‘पुरेशी सोय’ हे शब्द लिहिले गेले तेव्हा वर्गात फळा आणि खडू एवढेच साहित्य होते. आज त्या शब्दांत संगणक येतो, तसा तो चालविण्यास शिकविणारा, मुलाची भाषा जाणणारा माणूसही आला पाहिजे. सुरतेच्या महापालिकेने अनेक भाषांच्या शाळा चालवून एक परंपरा घातली आहे. तिच्याकडून ही पुढची अपेक्षा करणे अवास्तव ठरू नये.