दिनविशेष : १ ऑक्टोबर
मारिया मिचेलचा धूमकेतू (१८४७)

घरी पाहुणे जमलेले असताना एक मुलगी हळूच गच्चीवर सटकते आणि दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधून काढते. ऑपेराला शोभेल असा हा प्रसंग अमेरिकेतील नॅन्टकेट बेटावर १८४७ मध्ये आजच्याच रात्री घडला. मारिया मिचेल तेव्हा २९ वर्षांची होती आणि गावच्या ग्रंथालयात काम करीत होती. धूमकेतू ध्रुवताऱ्याच्या वर सुमारे पाच अंशांवर होता. वडील विल्यम यांनी हार्वर्डला पत्र धाडले.

दुर्बिणीतून नवा धूमकेतू प्रथम पाहणाऱ्याला डेन्मार्कचा राजा सुवर्णपदक देत असे. पण रोममध्ये फादर दे विको यांना तोच धूमकेतू ३ ऑक्टोबरला दिसला आणि युरोपात त्यांचेच नाव आधी पोहोचले. हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट यांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १८४८ मध्ये पदक मारियाला मिळाले. त्याच वर्षी अमेरिकन अॅकॅडमी ऑफ आर्ट्‌स अँड सायन्सेसने तिला निवडले; तिथली ती पहिली स्त्री.

१८६५ मध्ये ती व्हॅसार कॉलेजात खगोलशास्त्राची प्राध्यापक झाली. आपल्याहून तरुण पुरुष प्राध्यापकांना जास्त पगार मिळतो हे कळताच तिने वाढ मागितली, आणि मिळवलीही.